ट्रेमधली बुरशी, फ्लास्कमधली बुरशी : सेल्युलेज प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै

विषय मंजूर झाला. बुरशीपासून सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज फोडणारं एन्झाइम, तयार करायचं, एकदा ओल्या कोंड्यावर आणि एकदा द्रव माध्यमात, आणि दोन्हींत कोणती पद्धत बरी ते सांगायचं. मार्गदर्शक मॅडमनी सिनॉप्सिसवर सही केली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "बरी म्हणजे कशाच्या हिशेबाने? प्रति ग्रॅम, प्रति मिली की प्रति तास?" हे आधी ठरव, मग बुरशीला हात लाव, असं वर तोंडीही सांगितलं.

अजून ठरलेलं नाही. तोवर बुरशी निवडून ठेवल्या: ॲस्परजिलस नायगर आणि ट्रायकोडर्मा रीसी. दोघी सेल्युलोज फोडतात, पण स्वभाव वेगळे. रीसी एन्झाइम भरपूर बाहेर टाकते, पण तिच्या मिश्रणात बीटा-ग्लुकोसिडेज, म्हणजे शेवटच्या छोट्या तुकड्यांचं ग्लुकोज करणारं एन्झाइम, तोकडं असतं. नायगरचं नेमकं उलट.

रीसीची कुळकथा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापडाचं सामान भराभर कुजायला लागलं. त्या कुजक्या कापडावरून वेगळी केलेली एक बुरशी क्यूएम-६-ए या क्रमांकाने जपून ठेवली गेली. सुरुवातीला तिला ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजत होते. १९७७ मध्ये ती वेगळी जात असल्याचं मान्य झालं आणि तिच्यावर आयुष्यभर काम केलेल्या एल्विन रीस यांचं नाव तिला मिळालं. आज उद्योगात वापरतात ते रीसीचे वाण या एकाच पूर्वजापासून आलेले आहेत. सैन्याला कापड वाचवायचं होतं, आणि हाती लागला तो कापड खाणारा सगळ्यात तरबेज जीव.

५ जुलै

बीजाणू काढले. स्लँटवर नायगरचा काळा थर छान धरला होता. साध्या पाण्याने तो सुटत नाही. बीजाणूंच्या अंगावर पाणी न धरणारा थर असतो, त्यामुळे ते नुसते तरंगत राहतात. ०.१ टक्का ट्वीन-८० (साबणासारखं द्रव्य) घातलेलं निर्जंतुक पाणी ओतून लूपने हलकेच खरवडलं की काळी शाई झाल्यासारखं दिसतं. मग काचेचे मणी घालून हलवायचं, म्हणजे गुठळ्या फुटतात.

मोजणी न्यूबाउर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर. शंभरपट पातळ केलेल्या नमुन्यात मोठ्या चौकोनामागे सरासरी ५२ बीजाणू आले. चौकोनाचं घनफळ मिलीच्या दहा हजाराव्या भागाएवढं, म्हणून ५२ गुणिले १०,००० गुणिले १००, म्हणजे मिलीमागे ५.२ कोटी. मूळ साठा हा धरायचा.

हे काम आडव्या झोताच्या लॅमिनारवर (निर्जंतुक हवेचं कपाट) करायचं नाही. त्यातली हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते, आणि नायगरचे कोरडे बीजाणू श्वासात जाणं कुणालाच परवडणारं नाही. बायोसेफ्टी कॅबिनेट मोकळं मिळेपर्यंत थांबलो.

९ जुलै

कोंड्याची तयारी. गव्हाचा कोंडा चाळून घेतला. भुगा बाजूला काढला, कारण बारीक पीठ ओलं झालं की गोळा बसतो आणि हवा आत जात नाही. फार जाड तुकडेही नको, मग बुरशीला धरायला पृष्ठभाग कमी मिळतो. मधला माल घेतला.

ओलाव्याचा हिशेब इथे नीट लिहून ठेवतो, कारण "कोंड्यात तेवढंच पाणी घातलं" असं मोघम लिहिलं तर दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करता येत नाही. कोंडा ओव्हनमध्ये वाळवून पाहिला तर त्यात आधीच १० टक्के पाणी निघालं. म्हणजे १० ग्रॅम कोंड्यात ९ ग्रॅम कोरडा माल आणि १ ग्रॅम पाणी. मला ६० टक्के ओलावा हवा आहे, म्हणजे कोरडा माल एकूण वजनाच्या ४० टक्के. ९ भागिले ०.४ केलं की एकूण वजन २२.५ ग्रॅम येतं. म्हणून १२.५ मिली पाणी वरून लागतं. पण बीजाणूही पाण्यातूनच जाणार. ग्रॅम कोरड्या कोंड्यामागे एक कोटी धरले तर ९ कोटी लागतात, म्हणजे साठ्यातले साधारण १.७ मिली. उरलेलं १०.८ मिली क्षारांचं द्रावण.

हाताची परीक्षा वेगळी. मूठ आवळली की कोंड्याचा गोळा व्हावा, बोटांमधून थेंब पडू नये, आणि मूठ उघडून बोटाने टोचलं की गोळा फुटावा. ६० टक्क्यांवर असंच झालं. ७० टक्क्यांवर गोळा फुटेना आणि तळहात ओला राहिला. पाणी कोंड्याच्या आत मुरलेलं हवं, कणांच्या मधल्या पोकळीत भरलेलं नको. ती पोकळी हवेसाठी आहे.

ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर २० मिनिटं. कापसाच्या बुचांवर फॉइल घट्ट बसवलं, नाहीतर वाफेचं पाणी आत उतरतं आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो.

१२ जुलै

द्रव माध्यम. मँडेल्सचे क्षार: लिटरला अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, युरिया ०.३, कॅल्शियम क्लोराइड ०.३, मॅग्नेशियम सल्फेट ०.३, आणि लोह, मँगनीज, जस्त, कोबाल्ट हे मिलिग्रॅममध्ये. थोडं पेप्टोन, थोडं ट्वीन-८०. कार्बनसाठी १ टक्का सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज.

ग्लुकोज का नाही, हे बॅचमेटने विचारलं. ग्लुकोज दिलं तर बुरशी जोमाने वाढते, पण एन्झाइम करत नाही. फुकटची साखर समोर असताना भिंत फोडायची हत्यारं ती कशाला घडवेल? पेशीत हे काम एक प्रथिन करतं. नायगरमध्ये त्याला क्रेए म्हणतात, रीसीमध्ये क्रे-१. ग्लुकोज भरपूर असलं की ते सेल्युलेजच्या जनुकांवर बसून त्यांना गप्प करतं. उद्योगातला नावाजलेला रूट-सी३० हा वाण याच जागी मोडलेला आहे, म्हणून तो ग्लुकोजला तितकासा जुमानत नाही. उलट बाजूने, सेल्युलोज समोर आहे याची वर्दी बुरशीला विरघळणाऱ्या छोट्या साखरांमधून मिळते. रीसीसाठी सर्वात जोरदार वर्दी सोफोरोजची, म्हणजे दोन ग्लुकोज वेगळ्या बंधाने जोडलेली साखर. ती महाग, म्हणून मोठ्या प्रमाणावर लॅक्टोजवर भागवतात.

पीएच ५ ला लावला. अमोनियम खाल्लं जाईल तसा तो घसरणार. फ्लास्कमध्ये रोज बघावा लागेल.

१५ जुलै

सगळं इनॉक्युलेट केलं. कोंड्याचे फ्लास्क आणि दोन ट्रे ३० अंशांवर, द्रव फ्लास्क शेकरवर १५० फेऱ्यांना. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम, हवेला जागा हवी म्हणून.

१७ जुलै

ट्रे तापला. इनक्युबेटर ३० वर आहे, काठाशी खुपसलेला प्रोब ३३ दाखवतो आणि ६ सेंटीमीटर जाडीच्या थराच्या मध्यभागी ४१. हात वर धरला तरी ऊब लागते. झाकण उचललं की आतून थेंब गळतात आणि दमट, किंचित गोडसर वास येतो.

पुस्तकात "उष्णता बाहेर काढणं ही घन किण्वनाची मुख्य अडचण" हे वाक्य कितीदा वाचलं होतं. (घन किण्वन म्हणजे हेच, ओल्या कोंड्यावर बुरशी वाढवणं.) ४१ आकडा समोर आल्यावर त्याचं वजन कळलं. बुरशी साखर जाळते ती उष्णता जाणार कुठून? कोंडा उष्णता वाहून नेत नाही, मधली हवा त्याहून नाही. द्रवात ढवळलेलं पाणी ती भांड्याच्या भिंतीपर्यंत नेतं आणि जॅकेटमधलं थंड पाणी उचलतं. इथे बाष्पीभवन हाच मोठा मार्ग, आणि तो वापरला की थर वाळतो. थंड करायचं तर कोरडं पडतं, ओलं ठेवायचं तर तापतं.

नायगर ४१ अंश कशीबशी सोसेल, रीसी नाही. रीसीच्या ट्रेच्या मधला भाग वेगळा काढला तर तिथे कोंडा जवळपास कोरा, तपकिरी. पांढरी जाळी फक्त काठाला आणि वर.

जाडी ३ सेंटीमीटरवर आणायची. इनक्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवायचं आणि हवा दमट करून फिरवायची.

१९ जुलै

ट्रे ढवळायचा की नाही, यावर सिनियर ताईशी वाद. तिचं म्हणणं, ढवळलं की तंतू तुटतात आणि बुरशी मागे पडते. माझं म्हणणं, नाही ढवळलं तर मध्यभाग मरतोच. दोन्ही खरं. पूर्ण जाळी धरायच्या आधी एकदा हलक्या हाताने मोडावं, नंतर हात लावू नये, यावर तडजोड झाली. जाळी घट्ट झाल्यावर ट्रे उलटा केला तर अख्खी पाटी एकसंध सुटून येते. त्या अवस्थेत ढवळणं म्हणजे फाडणं.

जपानमध्ये कोजी (बुरशी धरलेलं धान्य) करणारे शतकानुशतकं ॲस्परजिलस ओरायझी अशी थरांवर वाढवत आणि हातांनी मोडत आले आहेत. जोकिची ताकामिने यांनी तीच पद्धत अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर नेली आणि १८९४ मध्ये त्यातून काढलेल्या डायास्टेजचं (स्टार्च फोडणारं एन्झाइम) पेटंट घेतलं. सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमचं ते अमेरिकेतलं पहिलं पेटंट मानतात. म्हणजे माझा ट्रे या उद्योगाचा आरंभबिंदू आहे. एकशे तीस वर्षांनी मी त्याच उष्णतेशी झगडतो आहे, याचा थोडा दिलासाही वाटतो.

२३ जुलै

द्रव फ्लास्क. नायगरच्या गोळ्या झाल्या आहेत, गुळगुळीत, जवळपास एकसारख्या. रीसीचं नुसतं दाट लगदेदार द्रव.

नायगरची एक मोठी गोळी ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाहेरच्या कडेला तंतू भरगच्च, टोकं जिवंत. आत शिरलं की विरळ, आणि मध्यभाग पोकळ, करडा. कारण प्राणवायू. ३० अंशांना हवेशी समतोल साधलेल्या लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. लिटरभर हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. गोळीच्या पृष्ठभागावरचे तंतू तो अपुरा पुरवठा आधीच संपवतात, आणि मिलीमीटरच्या काही दशांशांपलीकडे काही पोचत नाही. कोंड्यावरचा तंतू मात्र थेट हवेत डोकं काढून असतो. १७ तारखेला ट्रेला दूषणं देताना त्याची ही बाजू लिहायची राहिली होती.

गोळ्यांचा आकार बीजाणूंच्या संख्येवर ठरतो. कमी टाकले तर मोजक्या, मोठ्या गोळ्या. भरपूर टाकले तर लहान, किंवा सरळ लगदा. लगद्यात प्रत्येक तंतूला माध्यम भिडतं, पण द्रव इतकं घट्ट होतं की हवा मिसळत नाही. दुसरा उपाय म्हणजे टाल्कची बारीक पूड. बीजाणू एकमेकांना चिकटायच्या आत कण मध्ये येतात आणि गोळ्या लहान राहतात. एका फ्लास्कमध्ये लिटरला १० ग्रॅम प्रमाणात घालून बघतो आहे.

२४ जुलै

रीसीच्या फ्लास्कचा पीएच ३ च्या खाली. सोडियम हायड्रॉक्साइडने ४.८ वर आणला. इतक्या आम्लात एन्झाइम हळूहळू निकामी होतं.

२८ जुलै

ॲसेचा, म्हणजे एन्झाइमचं काम मोजण्याचा दिवस. बाकी कुणी स्पेक्ट्रोफोटोमीटरला हात लावू नये म्हणून सकाळीच नाव लिहून ठेवलं.

पद्धत १९८७ सालची, आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची: व्हॉटमन क्रमांक १ कागदाची १ बाय ६ सेंटीमीटरची पट्टी, साधारण ५० मिलिग्रॅम, गुंडाळी करून नळीत. १ मिली सायट्रेट बफर, पीएच ४.८. अर्धा मिली एन्झाइम. ५० अंशांवर बरोबर ६० मिनिटं. मग ३ मिली डीएनएस (साखरेशी रंग देणारा अभिकर्मक), ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच थंड, पाणी घालून ५४० नॅनोमीटरवर रीडिंग. पट्टी द्रवात पूर्ण बुडालेली हवी. गुंडाळी सैल झाली की वरचं टोक कोरडं राहतं आणि नळीगणिक आकडा बदलतो.

ब्लँक (वजा करायच्या तुलनेच्या नळ्या) तीन लागतात: नुसता अभिकर्मक, कागद पण एन्झाइम नाही, एन्झाइम पण कागद नाही. कोंड्याच्या अर्कासाठी तिसरा ब्लँक जीव की प्राण. अर्क मुळातच चहाच्या रंगाचा, शिवाय त्यात कोंड्याच्या साखरा. डीएनएस घालून उकळल्यावर कागद नसलेली नळीही नारिंगी झाली. तो ब्लँक वजा केला नाही तर ट्रे फुकटात जिंकतो. कोंड्यावरच्या प्रचंड ॲक्टिव्हिटीचे आकडे वाचताना हा ब्लँक होता का, हे मी आता आधी शोधणार.

एफपीयूची (फिल्टर पेपर युनिट, या ॲसेचं एकक) व्याख्याही विचित्र आहे. ६० मिनिटांत बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल असं विरलन शोधायचं, एक त्याच्या थोडं वर, एक थोडं खाली, आणि मधून काढायचं. मग ०.३७ ला त्या विरलनातल्या एन्झाइमच्या संहतीने भागायचं. हा ०.३७ कुठून येतो ते करून पाहिलं: २ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे ११.१ मायक्रोमोल. त्याला अर्धा मिली आणि ६० मिनिटं, म्हणजे ३० ने भागलं की ०.३७. २ मिलिग्रॅमचाच आग्रह अशासाठी की कागद सरळ रेषेत फुटत नाही. सैल भाग आधी जातो, स्फटिकी भाग अडून बसतो. दुप्पट एन्झाइम घातलं म्हणून दुप्पट साखर येत नाही.

याचा काच नायगरला बसला. तिचा द्रव फ्लास्कमधला अर्क विरलन न करताही २ मिलिग्रॅमपर्यंत पोचत नाही. अशा वेळी एफपीयू देताच येत नाही. तक्त्यात "लागू नाही" लिहायचं आणि सीएमसी या विरघळणाऱ्या सेल्युलोजवरची एंडोग्लुकनेज (साखळी मधून कापणारं एन्झाइम) ॲक्टिव्हिटी वेगळी द्यायची. कमी रीडिंगवरून ओढून-ताणून आकडा काढणारे पुष्कळ आहेत.

३ ऑगस्ट

मॅडमच्या पेन्सिलीच्या प्रश्नाला आज बसलो. मापलेले आकडे बाजूला ठेवून सोपे आकडे घेऊन पाहिलं.

समजा ट्रेने ग्रॅम कोरड्या कोंड्यामागे २० युनिट दिले आणि अर्क काढताना ग्रॅमला १० मिली बफर वापरला. अर्कात मिलीमागे २ युनिट. समजा फ्लास्कनेही मिलीमागे २ युनिटच दिले. मिलीच्या हिशेबात बरोबरी. पण फ्लास्कमध्ये १ टक्का सेल्युलोज आहे, म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम. तिथे ग्रॅममागे २०० युनिट झाले. ग्रॅमच्या हिशेबात फ्लास्क दहापट पुढे.

आता ट्रेचा अर्क १० ऐवजी ५ मिलीत काढला, तर मिलीमागचा आकडा जवळजवळ दुप्पट होईल. बुरशीने कणभरही जास्त एन्झाइम केलेलं नाही, मी फक्त पाणी कमी घातलं. म्हणून घन किण्वनाचा आकडा प्रति मिलीत देणं मला पटत नाही.

जागेचा हिशेब अजून निराळा. समजा लिटरभर थरात १५० ग्रॅम कोरडा कोंडा मावतो. मग त्यात ३,००० युनिट. लिटरभर द्रवात २,०००. पण शेकरवरच्या फ्लास्कचा पाचवा भागच भरलेला असतो, तेव्हा भांड्याच्या लिटरमागे ४०० च. ट्रेवरही मोकळी जागा सोडावी लागते, तीही मोजायला हवी. आणि ट्रे ४ दिवसांत तयार, फ्लास्कला ७ दिवस, असं असेल तर तासाच्या हिशेबात पारडं पुन्हा हलतं.

शिवाय दोन्हीकडचा "ग्रॅम" सारखा नाही. सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज हे शुद्ध आणि महाग, कोंडा म्हणजे स्टार्च, प्रथिनं, झायलन (वनस्पतीच्या भिंतीतली दुसरी साखरेची साखळी) आणि थोडं सेल्युलोज यांची मिसळ.

मॅडमना हे दाखवलं. "मग आता कोणती बरी?" त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्ही भागाकाराची पाटी द्या, मी विजेता देतो. हसल्या, आणि म्हणाल्या, "हेच लिही. पण आकड्यांसकट."

७ ऑगस्ट

अर्क काढण्याची तपासणी. कोंडा ०.१ टक्का ट्वीन-८० च्या बफरमध्ये शेकरवर अर्धा तास, मलमलीतून पिळून, मग ४ अंशांवर १०,००० फेऱ्यांना सेंट्रिफ्यूज. पिळलेल्या चोथ्यावर पुन्हा बफर घातला. दुसऱ्या धुण्यातही चांगलंच एन्झाइम निघालं, तिसऱ्यात थोडं.

हे अपेक्षितच. सेल्युलेजच्या बऱ्याच रेणूंना सेल्युलोजला चिकटायचा वेगळा हात असतो. न फुटलेला कोंडा जितका उरतो, तितकं एन्झाइम तो धरून ठेवतो. द्रव फ्लास्कमध्येही तेच: सुरुवातीला सेल्युलोज भरपूर असताना वरच्या द्रवात ॲक्टिव्हिटी कमी दिसते, सेल्युलोज संपत येतं तशी ती वर चढते. त्यातली काही वाढ नव्या उत्पादनाची नाही, सुटून आलेल्या मालाची आहे. आपण मोजतो ते हाती लागलेलं एन्झाइम. तयार झालेलं किती, ते वेगळं.

दोन धुणी एकत्र करायची, हे सगळ्या ट्रेंसाठी कायम.

१३ ऑगस्ट

५ लिटरचा फर्मेंटर मिळाला. ३ लिटर माध्यम, रीसी, कार्बन म्हणून लॅक्टोज. पीएच आपोआप सांभाळला जातो, ही चैनच म्हणायची.

पहिल्या रात्रीत विरघळलेला प्राणवायू १०० वरून खाली येत सकाळी १५ टक्क्यांवर. ढवळणीचा वेग वाढवला, आकडा सावरला. पण लगदा दाट झाल्यावर नवीन अडचण दिसली: पंख्याजवळ द्रव जोरात फिरतं आणि काचेच्या भिंतीशी जवळजवळ स्थिर. प्रोब पंख्याजवळ असेल तर तो सगळं ठीक असल्याचं सांगतो. वेग अजून वाढवावा तर तंतू तुटतात.

दुपारी फेस. बाहेर टाकलेली प्रथिनं आणि बुडबुडे, दुसरं काय होणार. फेस चढत चढत निकासाच्या फिल्टरकडे निघाला. तो ओला झाला की हवा कोंडते. फेसनाशकाचे काही थेंब टाकले, फेस बसला, आणि त्याबरोबर प्राणवायूचा आकडाही घसरला. फेसनाशक बुडबुडे एकत्र करून मोठे करतं, मोठ्या बुडबुड्यांचा पृष्ठभाग कमी. म्हणून थेंब मोजूनच.

१६ ऑगस्ट

सकाळी विरघळलेला प्राणवायू एकदम वर उसळला. लॅक्टोज संपल्याची खूण: खायला नाही, म्हणून श्वासही मंद. इथून लॅक्टोजचं दाट द्रावण पंपाने थेंबथेंब द्यायला सुरुवात केली. बुरशीला अर्धपोटी ठेवायचं. माध्यमात साखर साचली की दडपण सुरू, अजिबात नाही दिली तर ती स्वतःचंच एन्झाइम प्रोटिएजने (प्रथिन तोडणारं एन्झाइम) तोडू लागते.

उद्योगातली रीसी याच पद्धतीने, प्रचंड टाक्यांत, वाढवतात, आणि चांगले वाण लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर प्रथिन बाहेर टाकतात. ट्रेने या आकड्याशी बरोबरी करायचा विचारही करू नये. द्रव पद्धत उद्योगात जिंकली ती एन्झाइम जास्त येतं एवढ्याचसाठी नव्हे. पीएच, तापमान, प्राणवायू, साखर, सगळं टाकीच्या बाहेर उभं राहून फिरवता येतं, हे तिचं खरं बळ.

२२ ऑगस्ट

एसडीएस-पेज, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल. फर्मेंटरमधल्या रीसीच्या लेनमध्ये ६० ते ६५ किलोडाल्टनच्या पट्ट्यात एक जाडजूड बँड, बाकी सगळे त्याच्यापुढे फिके. हा सेलोबायोहायड्रोलेज-१, रीसीच्या बाहेरच्या प्रथिनांत निम्म्याच्या आसपास वाटा त्याचाच असतो. नायगरच्या ट्रेच्या लेनमध्ये मात्र एकही राजा नाही. बारीक बारीक बँडची शिडी, खाली कोंड्याच्या रंगाचा पुसट फराटा.

तेव्हा दोन पद्धतींनी वेगळ्या मात्रा दिल्या एवढंच नाही, वेगळी मिश्रणं दिली. कोंड्यात स्टार्च आहे म्हणून अमायलेज, झायलन आहे म्हणून झायलनेज, प्रथिनं आहेत म्हणून प्रोटिएज. शुद्ध सेल्युलोजवर वाढवलेल्या बुरशीला या बाकीच्यांची गरजच पडली नाही. सेल्युलेजच्या एका आकड्याने या दोघांना एका शिडीवर उभं करणं मला आता फारसं अर्थाचं वाटत नाही.

२५ ऑगस्ट

आजचा प्रयोग प्रस्तावात नव्हता. रीसीच्या द्रवात नायगरच्या ट्रेचा अर्क थोडासा मिसळला आणि कागदावर लावला. दोघांच्या वेगवेगळ्या साखरेची बेरीज एका बाजूला, मिश्रणाची साखर दुसऱ्या बाजूला. मिश्रण स्पष्टपणे वर. पट्टीकडे नुसतं बघूनही कळत होतं: रीसीच्या नळीत कागद अजून आकार धरून, मिश्रणाच्या नळीत कडा विस्कटून तंतू सुटलेले.

कारण जुनंच आणि नीट समजलेलं आहे. रीसीचं सेलोबायोहायड्रोलेज सेल्युलोजच्या साखळीवरून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे काढतं. हे सेलोबायोज साचलं की त्याच एन्झाइमच्या वाटेत अडकून बसतं आणि काम मंदावतं. ते फोडून ग्लुकोज करायला बीटा-ग्लुकोसिडेज लागतं, जे रीसीकडे तोकडं आणि नायगरकडे मुबलक. शिवाय डीएनएसला सेलोबायोजचा रेणू एक टोक दाखवतो, तो फुटून झालेली दोन ग्लुकोज दोन टोकं दाखवतात. म्हणजे वाढीचा काही भाग मोजणीचाही आहे. तो वेगळा काढायला ग्लुकोज ऑक्सिडेजच्या किटने नुसतं ग्लुकोज मोजून पाहायचं.

मॅडम म्हणाल्या, प्रस्तावाचं नाव बदलू नकोस, पण प्रकरण वाढव.

१ सप्टेंबर

तिसरी पद्धत, थोडक्यात. पॉलिएस्टर कापडाचे तुकडे फ्लास्कमध्ये ठेवून नायगरचे बीजाणू त्यावर बसू दिले, मोकळे राहिलेले धुऊन टाकले, मग माध्यम. बुरशी कापडाला धरून वाढली, द्रव नितळ राहिलं, शेकरवरून काढल्यावर सेंट्रिफ्यूजची गरजही जवळपास नाही. तेच कापड नव्या माध्यमात पुन्हा चाललं. पृष्ठभागाला धरलेली बुरशी मोकळ्या तंतूंपेक्षा वेगळी वागते, हे बरोबरच आहे, निसर्गात ती कुणी ढवळून वाढवत नाही. या प्रकल्पात एवढ्यावर थांबतो. हा वेगळा विषय होईल.

४ सप्टेंबर

शुद्धीकरण. अमोनियम सल्फेट ८० टक्के संपृक्ततेपर्यंत, म्हणजे ० अंशांना लिटरमागे ५१६ ग्रॅम. बर्फात, ढवळत, चिमूटचिमूट. रीसीचा साका पांढरट, ट्रेचा तपकिरी. रंग डायलिसिसनंतरही पुरता गेला नाही.

ब्रॅडफर्डच्या रंगाने प्रथिन मोजताना ट्रेच्या नमुन्यांत आकडे फुगलेले दिसले. ट्वीन-८० रंगाशी खेळतं. प्रमाण-वक्रातही तेवढंच ट्वीन घालून केल्यावर ते बसले. स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी याच प्रथिनाने भागून काढतात, तेव्हा सगळं याच्यावर अवलंबून.

वापरलेला कोंडा लॅबच्या काकांनी ऑटोक्लेव्ह करूनच टाकला. बीजाणूंनी भरलेला ट्रे तसाच उघडा फेकणं म्हणजे पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या प्लेटवर काळे ठिपके.

९ सप्टेंबर

अहवालाचा तक्ता ठरला. प्रत्येक पद्धतीसमोर चार रकाने: ग्रॅम कोरड्या मालामागे, भांड्याच्या लिटरमागे, भांड्याच्या लिटर-तासामागे आणि मिलिग्रॅम प्रथिनामागे. ट्रेसाठी प्रति मिलीचा रकाना नाही, तळटीपेत कारण. तासांमध्ये ट्रेचा अर्क काढायचा वेळ आणि फ्लास्कचा बीजसंवर्धनाचा वेळ, दोन्ही धरलेले. एफपीयू, सीएमसी आणि बीटा-ग्लुकोसिडेज वेगवेगळ्या ओळींत, एकत्र बेरीज कुठेच नाही. चारही रकान्यांत एकच पद्धत पहिली येत नाही आणि मला ते लपवायचं नाही.

राहिलेलं काम: मिश्रणाची मालिका, रीसीच्या द्रवात नायगरचा अर्क ५, १०, २० आणि ३० टक्के. ३ सेंटीमीटरच्या ट्रेचं तापमान दर दोन तासांनी, रात्रीसकट. रात्रीची पाळी ताईने घेतली आहे. बदल्यात तिचे डीएनएसचे नमुने सोमवारी मी लावायचे.